राबणारा आणि बोलणारे

गल्लीतल्या गणेशोत्सवाचा हिशेब मी काही वर्षे ठेवीत असे. वर्गणी देताना हात आखडणारेच मांडवाच्या कापडाबद्दल सर्वांत जास्त बोलत. एका वायरमनने मात्र येऊन, टेस्टर लावून, कुठली वायर उघडी आहे ते दाखवले होते. दाखवताना चार शब्द तिखट ऐकवले, ते निराळे. संगणकाच्या जगात २०२४ साली घडलेल्या एका प्रकाराने मला हे सारे पुन्हा आठवले.

काही प्रोग्राम असे असतात, की त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा आणि फुकट वापरावा. त्याला ओपन सोर्स म्हणतात. आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेले लिनक्स याच रीतीने वाढले. आज त्यावर पगारी माणसेही पुष्कळ आहेत; पण अनेक छोटे, अत्यावश्यक प्रोग्राम अजून एखाददुसरा हौशी माणूसच सांभाळतो.

'एक्सझेड' हा त्यांतलाच. माहिती दाबून लहान करण्याचे त्याचे काम, आणि जगभरच्या लिनक्स संगणकांवर त्याचा वापर. फिनलंडमधले एक गृहस्थ वर्षानुवर्षे तो जवळजवळ एकट्याने पाहत होते. २०२२ साली त्यांच्यामागे तगादा सुरू झाला : काम फार सावकाश चालले आहे, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती द्या! मन:स्वास्थ्य बरे नाही आणि हे बिनपगारी हौसेचे काम आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. जवळच 'जिया तान' नावाचा एक कामसू मदतनीस होता. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी नावेही त्याच कटातली असावीत, असा जाणकारांचा संशय आहे. थकलेल्या माणसाला टोचत राहणे हेही हत्यार होऊ शकते, हे मला सर्वांत भयंकर वाटते.

हे उघडकीला आणले आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून तो खोदत गेला. २९ मार्च २०२४ रोजी त्याने पुराव्यासह सगळे जाहीर केले. तोवर हा माल प्रामुख्याने चाचणीच्या आवृत्त्यांतच पोचला होता, म्हणून निभावले.

फ्रॉइंडनेही दोषच दाखवला; पण त्यासाठी स्वत: राबून, आमच्या वायरमनसारखा.

राहिला प्रश्न तिखट जिभेचा. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स त्याबद्दल प्रसिद्धच. दर्जा राखायचा तर असे बोलावेच लागते, असे त्याचे चाहते म्हणत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वत:च जाहीर माफी मागितली, काही आठवडे रजा घेतली आणि ऑक्टोबरात परतला. कच्चे काम लिनक्समध्ये आजही परत पाठवले जाते. माफीने दर्जा घसरला असे काही मला दिसत नाही. आमच्या वायरमनचेही तेच : उपयोगी पडला टेस्टर, चार शब्दांनी फक्त मांडवातली दोन पोरे दुसऱ्या दिवशी आली नाहीत.

एक्सझेडची चोरदरवाजा काढून टाकलेली आवृत्ती २९ मे २०२४ रोजी आली. ती काढली फिनलंडच्या त्याच गृहस्थांनी.