स्वाध्याय आणि वडीलधारी मंडळी

संपादक महाशयांस,


जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बाराव्या वर्षी घर सोडून टाकळीस एकाकी अध्ययन केले, या दाखल्यावरून होतकरू मुलास वडिलांचे साह्य नकोच, असा जो निष्कर्ष गतांकातील पत्रलेखकांनी काढला, तो मला नामंजूर आहे. अपवादावरून कायदा होत नाही.

आमच्याकडील एक शेतकरी मृगापूर्वी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे कन्येच्या हवाली करतो. ती ते ओल्या गोणपाटात गुंडाळते, आठवड्याने मोड मोजते, आणि सत्तरांहून कमी भरल्यास एकरी बियाणे किती वाढवावे, याचे त्रैराशिक स्वतःच मांडते. उत्तर ठाऊक असूनही बाप मौन धरतो (बापांस हे किती जड जाते!) आणि ती अडलीच, तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची वाट दाखवितो. यास पत्रलेखक ढवळाढवळ म्हणणार असतील, तर खुशाल म्हणोत.

आपला,
एक वाचक, घनसावंगी (जि. जालना)