बाई, एक शंका! : मेकची मेख

काय मंडळी, सहामाहीचे पेपर संपले ना? आता बेरीज-वजाबाकी गुंडाळून ठेवायची आणि नुसतं खेळायचं, असा बेत असेल! पण थांबा. आजचा खेळ असा आहे, की बेरीज केल्याशिवाय त्यात गोळीच उडत नाही.

त्याचं असं झालं. सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलं. चांगलं चार पानी! त्याच्या मामांनी अमेरिकेहून येताना 'बॅटलटेक' नावाचा खेळ आणला. प्रचंड यंत्रमानवांच्या लढाईचा, पटावर खेळायचा. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. हा आणि याचा शेजारचा मित्र शब्दकोश घेऊन बसले. अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पत्रात शंकाच शंका. आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक ओळ : "बाई, शेवटच्या डावात आमचं भांडण झालं. पंधरा दिवस आम्ही बोलत नाही. कोण बरोबर ते तुम्हीच सांगा."

वर्गातही असंच असतं. खरी शंका मुलं सगळ्यात शेवटी, हळूच विचारतात. तिच्याकडे आपण येऊच. पण आधी बाकीच्या शंका, कारण त्या कळल्याशिवाय भांडणाचा निकाल लागायचा नाही.

शंका पहिली : मेक म्हणजे काय? रोबोच ना?

अगदी रोबो नाही. रोबो आपला आपण चालतो. मेक हे दोन पायांवर चालणारं अजस्र यंत्र असतं आणि त्याच्या डोक्यात बसून माणूस ते चालवतो. त्या माणसाला 'मेकवॉरियर' म्हणतात. गोष्ट एकतिसाव्या शतकातली, म्हणजे अर्थातच काल्पनिक. हा खेळ १९८४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात निघाला. काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'फासा'! आपल्या सोंगटीच्या फाशाशी त्या नावाचा काही संबंध नाही, पण गंमत बघा, खेळ मात्र फाशांवरच चालतो. आधी खेळाचं नाव 'बॅटलड्रॉइड्स' होतं. 'ड्रॉइड' या शब्दावर 'स्टार वॉर्स' चित्रपट काढणाऱ्यांनी हक्क सांगितला, म्हणून १९८५ साली ते बदलून 'बॅटलटेक' केलं.

मेकचं वजन २० टनांपासून १०० टनांपर्यंत, पाच-पाचच्या पाढ्यात. २० ते ३५ टन म्हणजे लाइट, ४० ते ५५ मीडियम, ६० ते ७५ हेवी आणि ८० ते १०० असॉल्ट. 'लोकस्ट', म्हणजे टोळ, हा २० टनांचा. 'अॅटलस' १०० टनांचा.

"मग सगळ्यांनी अॅटलसच का घेऊ नये?" असं आमच्या वाचकाने विचारलंय. चला, गणित करू. पटावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोन असतात. एक षटकोन म्हणजे ३० मीटर आणि एक फेरी म्हणजे १० सेकंद. लोकस्ट पळत सुटला तर एका फेरीत १२ षटकोन जातो, म्हणजे ३६० मीटर. ताशी वेग किती झाला? जवळजवळ १३० किलोमीटर! अॅटलस पळून पळून ५ षटकोन जातो. ताशी ५४ किलोमीटर. आता कळलं? अॅटलस दमदार खरा, पण टोळ त्याच्या पाठीमागे कधी जाऊन उभा राहिला, ते त्याला कळायचंसुद्धा नाही. आणि पाठीचं चिलखत छातीपेक्षा पातळ असतं, बरं का!

शंका दुसरी : जो जिंकतो, तो मागाहून का हलतो?

फेरीच्या सुरुवातीला दोन्ही बाजू दोन-दोन फासे टाकतात. ज्याची बेरीज मोठी, तो जिंकला. पण पहिली चाल मात्र हरलेल्याने करायची! आपल्याला हे उलटं वाटतं. विचार करा. लपंडावात कोण कुठे लपलंय हे आधीच दिसलं तर फायदा कुणाचा? बघणाऱ्याचा. इथेही तसंच. समोरच्याने मेक कुठे नेलं, तोंड कुठे केलं, हे पाहून मग आपण हलायचं, हेच जिंकल्याचं बक्षीस.

तोंड फिरवायलाही खर्च येतो. षटकोनाच्या एका बाजूकडून शेजारच्या बाजूकडे वळायचं तर चालीतला एक गुण जातो. मोकळ्या षटकोनात शिरायला एक, विरळ झाडीत दोन, दाट झाडीत तीन. खाऊच्या पैशांसारखंच आहे. आधी मोजायचे, मग खर्च करायचे.

शंका तिसरी : आकडा मोठा झाला की चांगलं की वाईट?

इथे पुष्कळजण चकतात. नेम धरताना आपण एक बेरीज करतो. ती बेरीज म्हणजे आपल्यापुढची भिंत. दोन फाशांची बेरीज तिच्याइतकी किंवा जास्त आली, तरच गोळी लागली. म्हणून ही भिंत जितकी बुटकी तितकं बरं.

समजा, तुमच्या मेकवॉरियरचा नेमबाजीचा आकडा ४ आहे. इथेसुद्धा लहान आकडा म्हणजे हुशार, बरं का! तुम्ही चालत आलात, १ मिळवा. शत्रू ५ षटकोन हललाय, २ मिळवा. तो विरळ झाडीत उभा आहे, आणखी १. मध्यम अंतरावर आहे, आणखी २. एकूण १०. आता दोन फाशांच्या छत्तीस शक्यता असतात. त्यातल्या दहा किंवा जास्त देणाऱ्या किती? फक्त सहा. म्हणजे सहातून एकदा नेम लागणार.

आता तुम्ही जवळ जाऊन स्थिर उभे राहिलात, तर चालण्याचा १ आणि अंतराचे २ गळाले. राहिले ७. छत्तीसपैकी एकवीस शक्यता तुमच्या बाजूने! पण स्थिर उभा राहिलेला मेक शत्रूलाही सोपा जातो. अशी ही मेख आहे.

शंका चौथी : हीट सिंक म्हणजे काय आणि मेक मध्येच बंद का पडतं?

मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पातळ पाती असतात, पाहिलीत ना? इंजिनाची उष्णता त्या पात्यांवाटे हवेत जाते. मेकमधलं हीट सिंक हेच काम करतं. एक साधं हीट सिंक प्रत्येक फेरीला एक अंश उष्णता बाहेर टाकतं.

आता नळ आणि टाकीचं गणित आठवा. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो. हो, तेच नावडतं गणित! आमच्या वाचकाच्या मित्राकडे 'ऑसम' नावाचा ८० टनी मेक आहे. त्याच्यावर 'पीपीसी' नावाच्या तीन तोफा. प्रत्येक तोफ उडवली की १० अंश उष्णता. तिन्ही उडवल्या, ३०. वर पळण्याचे २. टाकीत आले ३२. हीट सिंकं २८. म्हणजे ४ अंश शिल्लक राहिले. पुढच्या फेरीला पुन्हा तेच केलं तर ८, मग १२, मग १६. पाच अंशांना चाल मंदावते. आठला नेम बिघडतो. चौदापासून यंत्र बंद पडायची भीती असते, तेव्हा फासे टाकून वाचावं लागतं. तिसाला तर ते बंदच.

उपाय? एखाद्या फेरीला एक तोफ गप्प ठेवायची. आत आले २२, बाहेर जाऊ शकतात २८. टाकी उतरायला लागली! सगळं बळ एकदम वापरायचं नसतं, हे त्या मुलांना दुसऱ्याच डावात समजलं, असं पत्रात लिहिलंय. शाबास!

शंका पाचवी : कागदावरच्या त्या बारीक बारीक गोलांचं काय करायचं?

प्रत्येक मेकचा एक तक्ता असतो. डोकं, छाती, हात, पाय, सगळ्यांवर गोल छापलेले. बाहेरचे गोल म्हणजे चिलखत, आतले म्हणजे सांगाडा. मार बसला की तेवढे गोल खोडायचे. चिलखत संपलं की मार सांगाड्याला लागतो आणि मग आतली यंत्रं मोडायची भीती असते. डोक्याला चिलखताचे फार तर ९ गोल आणि सांगाड्याचे ३. म्हणजे १२ चा फटका एकदम बसला की डोकं गेलं आणि डाव संपला.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या मेकचे गोल आपणच खोडायचे. समोरचा येऊन तपासत नाही. हातात खोडरबर असताना दोघांनी एकमेकांवर ठेवलेला हा विश्वास आहे.

शंका सहावी (ही एका आईची आहे) : लढाईचा खेळ मुलांच्या हातात द्यावा का?

ताई, तुमची काळजी बरोबर आहे. पण बुद्धिबळही लढाईच की! मुलगा खेळताना काय करतो ते अर्धा तास शेजारी बसून बघा. बेरीज, शक्यता, इंग्रजी वाचन आणि आपली पाळी येईपर्यंत दम धरणं, एवढं तरी दिसेल. महागाचा संच आणायचीही घाई नको. सुरुवातीचे सोपे नियम प्रकाशकांनी मोफत दिलेले आहेत. कागदावर षटकोन आखा आणि मेकऐवजी बटणं ठेवा. बटणावर बाण काढला की तोंड कुठे आहे ते कळतं. हार-जीतीनंतर मुलं कशी वागतात तिकडे मात्र लक्ष ठेवा.

आणि आता कोपऱ्यातली शंका.

डाव असा होता. आमच्या वाचकाच्या 'हंचबॅक' मेकवर एक मोठी तोफ आहे, एका फटक्यात २० चा मार देणारी. दोघांनी आपापले नेम जाहीर केले. याने फासे आधी टाकले. गोळी लागली, आणि लागली ती नेमकी ऑसमच्या डोक्याला! हा ओरडला, "तुझा मेक मेला, आता तुझ्या तोफा उडणार नाहीत." मित्र म्हणाला, "उडणार." मित्र पट तसाच टाकून घरी गेला.

बाळा, नियम तुझ्या मित्राच्या बाजूने आहे. त्या दहा सेकंदांत सगळ्या तोफा एकदमच उडतात. आपण एकामागून एक फासे टाकतो, कारण आपल्याला हात दोनच! म्हणून गोळीबाराचा टप्पा संपेपर्यंत मेलेला मेकसुद्धा आपले जाहीर केलेले नेम मारू शकतो.

हे मला एवढं पक्कं कसं ठाऊक? कारण हीच चूक मी केलेली आहे. माझ्या धाकट्या भावाने मला हा खेळ शिकवला आणि मी त्यालाच दटावून तीन डाव जिंकले. मी ताई, त्यातून मास्तरीण! तो बिचारा गप्प बसला. पुढे एका दुपारी मी स्वतः नियम वाचला आणि माझा चेहरा कसा झाला असेल ते विचारू नका. त्याला सांगायला मला दोन दिवस लागले. तो एवढंच म्हणाला, "मला माहीत होतं, ताई." ते तीन डाव मी आजही जिंकलेले धरत नाही.

तुझे पंधरा दिवस गेले आहेत. माझं हे उत्तर छापून येईपर्यंत आणखी जातील. तेव्हा अंक वाचून झाला की घडी कर, फासे खिशात टाक आणि शेजारचं दार वाजव. फार काही बोलायला नको. एवढंच म्हण, "तुझे तीन नेम राहिलेत. टाक." कदाचित तुझा हंचबॅक पडेल. पडू दे.

आणि मग काय झालं, ते मला कळव. या वेळी कोपऱ्यात नको, पहिल्या ओळीत लिही.

तुमच्या,
बाई