डॅशबोर्डाला शालू

जुन्या मोटारीला शत्रू तीन. गंज, उंदीर आणि हौस. गंजाला रेड ऑक्साइड आहे, उंदराला पिंजरा आहे. हौसेला मात्र कुठल्याच पेठेत औषध मिळत नाही. उलट पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय, हौस पुरवणारी दुकानेच ओळीने उभी आहेत. या हौसेचा पहिला बळी म्हणजे डॅशबोर्ड. इंजिन उघडायला अक्कल लागते, पत्रा ठोकायला हात लागतो. डॅशबोर्डावरची गादी उचकटून नवे रेक्झिन चढवायला म्हणे नुसते पैसे लागतात. (हे खोटे आहे, पण त्याकडे मागाहून येतो.)

हल्ली 'रिस्टोअर' केलेली एखादी फियाट बघा. बाहेरून कशी सोज्वळ, नऊवारीतल्या आत्याबाईंसारखी. दार उघडावे तर आत मंगल कार्यालयातला नवरा-नवरीचा सोफा! डॅशबोर्ड साजूक तुपाच्या रंगाचा, त्यावर शंकरपाळ्यांची शिलाई, शिलाईला तांबडा दोरा, आणि वरून असा स्प्रे मारलेला की दाढी करून घ्यावी. मालक छाती फुगवून सांगतो, "एकदम ओरिजिनल केली." आमच्या बँकेत असे 'ओरिजिनल' कागद घेऊन कोणी आला, तर आम्ही त्याला बसायला खुर्ची देतो आणि हळूच मॅनेजरला बोलावतो.

हा रोग मोटारीपुरता नाही. काळ्या दगडाचे हेमाडपंती देऊळ सातआठशे वर्षे उन्हापावसात उभे असते. मग गावात एखाद्याला देणगीची बुद्धी होते, खांबांना ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्याला बाथरूमच्या फरशा बसतात, आणि बाहेर संगमरवरी पाटी: 'जीर्णोद्धार'. जीर्ण काय होते ते कळत नाही. उद्धार मात्र फरशीवाल्याचा झालेला असतो.

मुळात डॅशबोर्डावर गादी कशासाठी असते, हे या मंडळींनी कधी विचारलेले नाही. ती शोभेची नव्हे. ती तुमच्या कपाळासाठी आहे. पूर्वी डॅशबोर्ड नुसता पत्र्याचा असे, त्यावर बटणे खिळ्यांसारखी बाहेर आलेली. अमेरिकेत डेट्रॉइट गावी क्लेअर स्ट्रेथ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. अपघातात फुटलेले चेहरे शिवून शिवून कंटाळल्यावर, १९३० च्या दशकातच, ते मोटारवाल्यांच्या मागे लागले की बाबांनो, पत्र्यावर काहीतरी मऊ लावा. मोटारवाल्यांना ते पटायला बरीच वर्षे गेली. १९६८ पासून अमेरिकेत गाडीच्या आत डोके आपटण्याच्या जागांबद्दल कायदाच झाला. तेव्हा तुमच्या त्या काळ्या, मळखाऊ, कंटाळवाण्या गादीमागे एक डॉक्टर उभा आहे, हे ध्यानात असू द्या.

आता आपला कुशनवाला काय करतो? जुनी घट्ट गादी खरवडून फेकतो आणि तिथे सोफ्याचा फोम घालतो. "हात लावून बघा साहेब, मख्खन!" मख्खन खरेच. अंगठा दाबला की थेट पत्र्याला टेकतो. अंगठ्याचे हे, तर कपाळाचे काय होईल? दुसरे असे की डॅशबोर्डाचा रंग काळा आणि बिनचमकीचा असतो, तो मालकाला रसिकता नव्हती म्हणून नव्हे. वर काच तिरपी असते. खाली चकचकीत तुपाळ रेक्झिन असले की दुपारी बाराच्या उन्हात ते सगळे काचेवर उमटते, आणि समोरून येणारा सायकलवाला तुम्हाला शंकरपाळ्यांमधून शोधावा लागतो.

आणि हे रेक्झिन तरी काय चीज आहे? रेक्झिन हे मुळात विलायतेतल्या एका चामड्यासारख्या कापडाचे व्यापारी नाव. आपण डालडासारखे ते सगळ्यांना लावून टाकले. आज मिळते ते पीव्हीसी. पीव्हीसी जात्याच कडक. त्यात तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करतात. गाडी उन्हात उभी राहिली की ते द्रव्य हळूहळू उडते आणि काचेला आतून चिकटते. वर्तमानपत्राने पुसले तरी न जाणारा तो धुरकट थर म्हणजे तुमचा डॅशबोर्डच. तेल गेले की रेक्झिन आक्रसते, आक्रसले की फाटते. म्हणजे चीर ही गाडीची चूक नाही. चाळीस-पन्नास उन्हाळ्यांची ती नोंद आहे.

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या डॅशबोर्डाचे रेक्झिन उन्हाने राखी झाले आहे. फक्त मधोमध, रुपयाहून थोडी मोठी, एक जागा अजून कुळकुळीत काळी आहे. वडिलांनी तिथे गणपती चिकटवला होता. गणपती पुढे निघाला, त्याची सावली राहिली. आई अजून गाडीत बसली की त्या काळ्या ठिपक्यालाच हात लावून नमस्कार करते. आमचे मेहुणे हे पाहून म्हणाले, "भाऊजी, केवढा डाग पडलाय! सगळं काढून टाका. माझा माणूस आहे, दोन दिवसांत गाडी ओळखू येणार नाही."

नेमकी तीच माझी तक्रार आहे. गाडी ओळखू का येऊ नये?

मेहुण्यांचे म्हणणे असे की गाडी तुमची, पैसे तुमचे, लोकांना काय करायचेय? कबूल. हौस करावी, शंकरपाळ्या काढाव्यात, हवे तर चिरोटे काढावेत. पण मग त्याला 'नवी केली' म्हणावे, 'पूर्ववत केली' म्हणू नये. आमच्या बँकेत व्हाउचरवर आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही, पांढरा रंगही चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. रेक्झिनलाही माझा हाच नियम आहे. दुरुस्ती जरूर करा, पण काय होते ते दिसू द्या.

दुरुस्ती करूच नये, असे मी म्हणत नाही. आतला फोम पिठासारखा गळू लागला, खाली पत्रा गंजू लागला, तर गादी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पण ती रीतसर बदलावी. जुने रेक्झिन टराटरा फाडायचे नाही. शिवणीवर उसवून अख्खे काढायचे, म्हणजे तोच कापण्याचा नमुना होतो. पत्रा खरवडून गंज मारायचा. फोम घट्ट विणीचा, आणि जाडी जुन्या इतकीच. सुताएवढा वाढला तरी मीटरची चौकट बसत नाही आणि मग कुशनवाला ती हातोडीने बसवतो. डिंक रबराचा लागतो, सुताराचा पांढरा फेविकॉल इथे कुचकामी. तो दोन्ही अंगांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मगच टेकवायचे. एकदा टेकले की टेकले. लग्नासारखेच, सरकवून बघायची सोय नाही. वळणावर रेक्झिन गरम हवेने मऊ करून ओढायचे, आतल्या घडीला कात्रीने खाचा द्यायच्या, नाहीतर कोपऱ्यात मोदकासारख्या कळ्या पडतात. आणि हे सारे पावसाळ्यात करायचे नाही, डिंक दमट हवेत दगा देतो. सांगा, यातले 'नुसते पैसे' कुठे आहेत? हे जाणणारे जुने कारागीर अजून आहेत. पण त्यांच्याकडे आपण जातो तेव्हा शंकरपाळ्यांचा फोटो घेऊन जातो. त्यांनी तरी काय करावे?

खुद्द सरकारसुद्धा माझ्या बाजूने आहे, हे मेहुण्यांना मी मुद्दाम ऐकवले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात ठेवलेली हवी. नव्या नोंदणीची फी वीस हजार. आमची पद्मिनी त्या वयाला २०२९ साली पोचेल. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात संपल्या. ज्यांचे डॅशबोर्ड जन्मभर देव, प्लास्टिकची फुले आणि सुटे पैसे वागवून झिजले, त्यांतल्या बहुतेक भंगारात गेल्या. उरलेल्यांपैकी थोड्या तरी जशा होत्या तशा राहिल्या पाहिजेत की नाही? "वीस हजार? पाटीला?" मेहुण्यांनी एवढेच ऐकले.

आमच्या गादीची डावी कड मात्र खरोखरच फाटली आहे. एका म्हाताऱ्या कुशनवाल्याने ती बघितली, जुन्या रेक्झिनचा दाणा नखाने चाचपला आणि म्हणाला, "एवढीच कड करू, बाकी चांगली आहे." रंग जुळेल का, विचारले तर म्हणाला, "नाही जुळणार. नवं ते नवं दिसणारच." काम दसऱ्यानंतर करायचे ठरले आहे. काढलेला तुकडा परत द्यायचा, आणि त्याच्या पाठीवर तारीख घालायची, हे मी त्याला दोनदा बजावले आहे.