जोडीने प्रवासाला निघताना: रस्त्यावर जपून, दवाखान्यात मोकळेपणाने

पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी मुरबाडचा रस्ता गाड्यांनी भरून जातो. माळशेज घाट, नाणेघाट, सिद्धगड, गोरखगड. शहापूरच्या बाजूला माहुली आणि आजोबाचा डोंगर. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या या गर्दीत नवरा-बायको असतात, मित्रांचे घोळके असतात आणि समलिंगी जोडपीही असतात. ती कोणाच्या लक्षात येत नाहीत, एवढंच. गणपतीला परदेशातून गावी येणारा मुलगा सोबत ‘मित्राला’ घेऊन येतो, तेव्हा हा मित्र कोण हे घरातल्या निम्म्या लोकांना कळलेलं असतं. बोलत मात्र कोणी नाही.

अशा जोडप्यांना प्रवासाआधी मिळणारा सल्ला सगळीकडे एकच असतो. जपून राहा, कोणाला कळू देऊ नका. हा सल्ला चुकीचा नाही. पण माझ्या मते तो अर्धाच आहे, आणि आजारपणात किंवा अपघातात असा अर्धा सल्ला जिवावर बेतू शकतो. रस्त्यावर गप्प राहायची सवय माणूस दवाखान्यातही घेऊन येतो, हे त्याचं कारण.

कायदा काय म्हणतो

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं कलम ३७७ उरलेलंच नाही. लग्नाची मान्यता मात्र मिळालेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेवर सोडला. म्हणजे एकत्र राहणं, एकत्र फिरणं, लॉजवर एक खोली घेणं यात बेकायदेशीर काही नाही. लॉजवाला ओळखपत्र मागू शकतो, आणि ते दोघांनीही जवळ ठेवावं. पण तुमचं नातं काय, हे सांगायची सक्ती तुमच्यावर नाही.

आपल्या भागाची रीत

आपल्याकडे दोन पुरुष हातात हात घालून बाजारातून गेले तर कोणी मान वर करून बघत नाही. दोन पुरुषांनी एक खोली घेतली तरी कोणाला नवल वाटत नाही. उलट लग्न न झालेला मुलगा आणि मुलगी आली तर काउंटरवर चौकशी सुरू होते. दोन बायका आल्या तर ‘सोबत कोण नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. चारचौघांत मिठी मारणं, चुंबन घेणं मात्र इथे कोणत्याच जोडप्याचं खपवून घेतलं जात नाही. तेव्हा रस्त्यावर तुम्हाला वेगळा नियम नाही. गावात शिरताना नवराबायको जसे वागतात तसंच वागा.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. डेटिंग ॲपवर ओळख काढून आडबाजूला बोलावायचं, व्हिडिओ काढायचा आणि ‘घरी सांगू’ म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार घडतात. प्रवासात अनोळखी माणसाला भेटायचंच असेल तर पहिली भेट माणसांच्या वर्दळीत ठेवा आणि कुठे जाताय ते एका विश्वासू माणसाला कळवा. धमकी आली तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, ११२ वर फोन करा. तुम्ही गुन्हा केलेला नाही. खंडणी मागणं हा गुन्हा आहे. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही.

डॉक्टरला काय सांगायचं

एखादा तरुण गुदद्वाराजवळ दुखतं, रक्त पडतं म्हणून येतो. तो पुढे काही सांगत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, आणि मूळव्याधीचं मलम देऊन त्याची बोळवण होते. मूळव्याध असेलही. पण गनोरिया, क्लॅमिडिया, नागीण, सिफिलिस यांचीही तशीच लक्षणं असू शकतात आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरून येते आणि आजार आत शरीरात पसरत राहतो. ‘माझे पुरुषांशी संबंध आहेत’ हे एक वाक्य तुम्ही बोललात तर डॉक्टर योग्य तपासण्या लिहितील.

डॉक्टरांवर गुप्तता पाळण्याचं बंधन आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगता येत नाही. ग्रामीण रुग्णालयातही ही चाचणी समुपदेशनासह मोफत होते.

तीन गोष्टी निघण्याआधी पाहा:

१. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे का? तीन डोसांना सहा महिने लागतात, म्हणून लवकर सुरुवात करा.

२. जोडीदाराबाहेर संबंध येण्याची शक्यता असेल तर निरोध आणि वंगण सोबत असू द्या. एचआयव्ही टाळण्यासाठी आधीपासून घ्यायची गोळी, म्हणजे ‘प्रेप’, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्याआधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी हवी.

३. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत ‘पेप’ उपचार सुरू करावे लागतात आणि ते २८ दिवस घ्यावे लागतात. पहिला डोस जितका लवकर तितकं चांगलं. ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून दोन दिवस घालवू नका. कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९७ ही मोफत एड्स हेल्पलाइन आहे.

सही कोणाची?

मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा. माळशेजला पाय घसरून एकाचं डोकं फुटलं. दुसरा त्याला घेऊन रुग्णालयात आला. पहिला प्रश्न होतो, ‘नातेवाईक कोण?’ दहा वर्षं एका घरात राहिलेला माणूस त्या क्षणी घाबरून ‘मित्र’ म्हणतो, आणि मग बाहेरच्या बाकावर बसवला जातो. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, फिट्स येतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं माहीत असलेला एकमेव माणूस बाहेर बसलेला असतो आणि आत सगळे गावाकडच्या भावाच्या फोनची वाट बघत असतात.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर उपचाराची संमती त्याची स्वतःची. नातेवाइकाची सही ही बव्हंशी रुग्णालयांची रीत आहे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल तर कोणाच्याही सहीसाठी न थांबता उपचार करता येतात. तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

तरीही कागद हाताशी असलेला बरा. घरून निघण्याआधी हे करा:

• एका कागदावर ‘आणीबाणीत माझी माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, तिला माझ्याजवळ थांबू द्यावं’ असं लिहून सही करा. दोघांनी एकमेकांसाठी लिहा, फोटो दोन्ही फोनमध्ये ठेवा.

• मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतं. साधा कागद आणि सही पुरते. प्रतिनिधी रक्ताचा नातेवाईक असण्याची गरज नाही.

• रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि विम्याचं कार्ड यांचे फोटो एकमेकांकडे असू द्या.

बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला समलिंगी व्यक्तींना आडकाठी नाही, असा खुलासा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याबाबत आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात राज्यांना पत्र लिहिलं. अशा पत्राची गरज पडावी, यावरूनच परिस्थिती काय असेल ते समजून घ्या.

डोंगरातले धोके सगळ्यांना सारखेच

पावसाळ्यात आमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आढळतात. मण्यार रात्री चावते, फारसं दुखत नाही आणि खूणही नीट दिसत नाही. म्हणून जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हातपाय हलू न देता थेट रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. १०८ ची रुग्णवाहिकाही मोफत आहे, पण घाटात फोनला नेटवर्क मिळेलच असं नाही. ओढे-धबधब्यात उतरण्याआधी बंदीचे फलक वाचा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ते पाणी आठवणीने सांगा. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो.

परदेशात जाणाऱ्यांसाठी

आपल्या तालुक्यांतली मुलं आखाती देशात कामाला जातात. सौदी अरेबिया, कतार, कुवेत, अमिराती या देशांत पुरुषांमधले समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. तिथे ‘जपून राहा’ हा सल्ला शब्दशः पाळा. फोनमधले फोटो, चॅट आणि डेटिंग ॲप जाण्याआधी काढून टाका. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला आहे आणि नेपाळमध्ये २०२३ पासून विवाहनोंदणी झाली आहे; फिरायलाच जायचं असेल तर देश निवडणं तुमच्या हातात आहे.

नोकरीच्या व्हिसासाठी आखाती देशांत एचआयव्हीची चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर व्हिसा मिळत नाही, तिथे कळलं तर परत पाठवतात. म्हणून एजंटला पैसे भरण्याआधी आपल्याकडे गुपचूप तपासणी करून घ्या. एक कळकळीची विनंती: एआरटीच्या गोळ्या चालू असतील तर चाचणी ‘पास’ होण्यासाठी त्या बंद करू नका. ही चाचणी शरीरातली प्रतिपिंडं शोधते. गोळ्या थांबवून ती निगेटिव्ह होत नाही, फक्त विषाणू पुन्हा वाढतो. नियमित गोळ्या घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर तो संबंधातून जोडीदाराला जात नाही. ती कमाई एका व्हिसासाठी घालवू नका.

ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या यांवर अमिरातीत कडक निर्बंध आहेत. परवानगी, मूळ पाकीट आणि चिठ्ठी यांशिवाय नेऊ नका.

आता यजमानांचं बघू

सगळा सल्ला पाहुण्यालाच का द्यायचा? लॉजवाल्याने ओळखपत्र पाहावं आणि किल्ली द्यावी. रुग्णालयाच्या काउंटरवर ‘नातेवाईक कोण?’ ऐवजी ‘तुमच्यासोबत कोणाला थांबू देऊ?’ एवढं विचारलं तरी अर्धा प्रश्न सुटेल. त्याला खर्च काहीच नाही.

आणि गणपतीला मुलगा किंवा मुलगी जोडीदाराला घेऊन आली, तर आईवडिलांनो, कोणा बाबाकडे किंवा ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असा ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मनाला त्रास होत असेल तर पालकांनी आणि मुलांनीही टेलिमानसच्या १४४१६ वर बोलावं. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सगळं एका दिवसात पटेल असं नाही. पण पाहुण्याचा फोन नंबर वहीत लिहून ठेवा. उद्या तुमचा मुलगा दूरच्या शहरात आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसलेला माणूस बहुधा तोच असेल, आणि पहिला फोन तुम्हाला त्यालाच करावा लागेल.