वाफ कुठून आणणार?

औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याची भाषा सुरू झाली की खर्चाची आणि साठवणुकीची चर्चा रंगते. बॉयलरवर उभे आयुष्य काढलेला माणूस मात्र आधी विचारील : वाफ कुठून आणणार?

सगळी गोम तिथेच आहे. अमाइनचे द्रावण हा वायू साधारण ४० अंशांना शोषते, पण सोडते ते १२० अंशांच्या आसपास तापवल्यावरच. प्रचलित द्रावणांना त्यासाठी टनामागे तीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. चालू केंद्रात ती मिळवायची, तर टर्बाइनकडे निघालेली वाफ वाटेतच वळवावी लागते. मग कमी दाबाचा टर्बाइन अर्धपोटी फिरतो आणि वीज घटते.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या बाउंड्री डॅम केंद्राने २०१४ साली हाच मार्ग धरला. टर्बाइनसुद्धा नवा बसवला. तरी १३९ मेगावॉटचा संच सुमारे ११५वर आला. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाने २०१७ साली शक्कल लढवली. कोळशाच्या संचाची वाफ शाबूत ठेवून शेजारी गॅसवरचा वेगळा संच उभारला. त्या गॅसचा धूर मात्र कोणी पकडत नव्हते! पकडलेला वायू तेलक्षेत्रात जिरवून जास्त तेल काढायचे होते. २०२० साली तेलाचे भाव कोसळले आणि प्रकल्प थांबला, तो २०२३ साली पुन्हा सुरू झाला. या दोघांत कॅनडाचा मार्ग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे तोटा निदान मीटरवर दिसतो.

आपल्याकडे एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रातील प्रकल्पाची क्षमता दिवसाला २० टनांची. पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर एवढा वायू तीन मिनिटांत सोडतो. प्रयोग म्हणून ठीक. त्यावरून चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटची स्वप्ने रंगवू नयेत. तिथल्या २१० मेगावॉटच्या जुन्या संचांना हे ओझे म्हणजे घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे. शिवाय वायू पकडायला थंड पाणीही जास्त लागते, आणि चंद्रपूर केंद्राची भिस्त इरई धरणावर आहे.

उरले पाचशेचे संच. त्यांच्यासाठी निविदा निघण्याआधी वाफ कोणत्या टप्प्यावर किती काढणार आणि घटलेली वीज भरून काढायला आणखी किती कोळसा जाळणार, हे आकडे ऊर्जा खात्याने जाहीर करावेत. पकडलेल्या टनांतून तो वाढीव धूर वजा करूनच अनुदान मोजावे.