भिंतीला लाकूड लावताना

बेळगाव-खानापूरकडचा पाऊस भल्याभल्या लाकडाची परीक्षा घेतो. आमच्याच घरी दर्शनी भिंतीला हौसेने सागवानी फळ्या लावल्या आणि दोन पावसाळ्यांत खालच्या कडा वाळवीने पोखरल्या. सुतारमामांनी एक फळी काढून उलटी धरली. म्हणाले, "वहिनी, हा पांढरा भाग बघा. वाळवी लागली ती ह्यालाच." तेव्हा कळले, साग, म्हणजे कन्नडमधला 'तेग', टिकतो तो त्याच्या तपकिरी गाभ्यामुळे. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी कच्चाच.

म्हणून बाहेरच्या भिंतीला गाभ्याच्याच, चांगल्या वाळलेल्या फळ्या घ्या. लाकूड ओलीने रुंदीत फुगते, तेव्हा दोन फळ्यांत थोडी फट ठेवा. मागे पट्ट्या ठोकून हवा खेळू द्या. खालची कड जमिनीपासून वीतभर वर हवी. कापलेल्या टोकांना तेल पाजायला विसरू नका, पाणी तिथूनच जास्त शिरते. घराच्या आत स्वस्तातले पाइनही चालते. भिंतीला ओल नसली म्हणजे झाले.

वखारीत भाव मराठीत करा की कन्नडमध्ये, पैसे मात्र फळी दोन्ही बाजूंनी पाहूनच द्या!