आधी बस, मग बंदी

सुट्टीच्या दिवशी पुण्याजवळच्या सिंहगडाचा वाहनतळ भरला की गोळेवाडी नाक्यावर गाड्या अडवल्या जातात आणि घाटात रांगा लागतात. रस्ता अरुंद, वळणांचा, वनक्षेत्रातून जाणारा. पावसाळ्यात दरडींची भीती वेगळीच. गडावर वाहनतळ वाढवायचा तर गडच पोखरावा लागेल. तेव्हा खासगी गाड्यांना आवर घातलाच पाहिजे. पण गाडी अडवल्यावर माणसाने वर जायचे कसे, याचे उत्तर अडवणाऱ्यानेच द्यायला हवे.

मे २०२२ मध्ये तसा प्रयत्न झाला. खासगी वाहने पायथ्याशी थांबवून पीएमपी या पुण्याच्या सार्वजनिक बससेवेच्या ई-बस गडावर सोडल्या. पण सुट्टीच्या गर्दीला त्या पुरल्या नाहीत. लोक लेकराबाळांसह ताटकळले, तक्रारी वाढल्या आणि महिनाही न भरता सेवा गुंडाळली गेली. गाड्या पुन्हा घाटात शिरल्या. ‘लोकांना गाडीच हवी असते’ असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे आहे. माणसे रांगेत उभी होती, ती बसनेच जायला.

आज या रस्त्याचा खरा उपभोग कोण घेतो? ज्याच्याकडे वाहन आहे तो. वनविभागाचे उपद्रव शुल्क भरले की त्याची गाडी थेट वर. स्वारगेटहून पीएमपीने आलेल्या कुटुंबाला पायथ्याशी उतरून आतकरवाडीची पायवाट चढावी लागते, नाहीतर गडावर नेणारी जीप भरण्याची वाट पाहावी लागते. धडधाकट माणूस चढेल. गुडघे गेलेल्या आजीने, व्हीलचेअरवरच्या मुलाने काय करायचे? दिव्यांगांना सार्वजनिक वाहतूक वापरता आली पाहिजे, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. गडाचा घाट त्याला अपवाद नाही.

अमेरिकेतल्या यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानाने २००० साली गाड्यांच्या गर्दीचा असाच पेच सोडवला. हंगामात मुख्य दरीतला रस्ता खासगी गाड्यांना बंद केला आणि त्याच वेळी मोफत बस सुरू केली. ती व्यवस्था आजही चालू आहे, कारण तिथे बंदीबरोबर पुरेशी बससेवाही आली.

सिंहगडावर हे अशक्य नाही. सुरुवात शनिवार-रविवारपासून करावी. गर्दीचा अंदाज घेऊन पुरेशा बस, ठरलेले वेळापत्रक, पायथ्याशी सावली, पाणी आणि स्वच्छतागृह, व्हीलचेअर चढेल अशी सोय, एवढे आधी उभे करावे. उपद्रव शुल्कातला वाटा या बससाठी राखावा. गडावर पिठलं-भाकरी आणि दही विकून संसार चालवणाऱ्या गावकऱ्यांच्या मालवाहतुकीला परवाने द्यावेत, जीपवाल्यांनाही या व्यवस्थेत सामावून घ्यावे. हे सगळे नीट चालू लागले की मगच गाड्यांसाठी फाटक बंद करावे.

घाटरस्ता लोकांच्या पैशातून झाला आहे, तो गाडी नसलेल्यांचाही आहे. वनविभाग आणि पीएमपी यांनी एकत्र बसून पुढच्या हंगामाआधी बसचे वेळापत्रक जाहीर करावे. बंदीचा आदेश त्यानंतर निघाला, तर पुणेकर तो आनंदाने पाळतील.